रिकव्हरी

एकतीस गळीत हंगाम मी थेंब बघत आलो.
फडात उभं राहून उसाच्या कांड्यात सुई खुपसायची,
थेंब काचेवर घ्यायचा,
नळी डोळ्याला लावून तोंड उजेडाकडं करायचं.
बुडख्याचा ब्रिक्स. शेंड्याचा ब्रिक्स.
दोन्ही जुळत आले की स्लिपवर लिहायचो:
पक्व. तोड द्यावी.

आष्ट्यात डॉक्टर कुलगुडेंनी माझ्या बोटात सुई टोचली
तेव्हा मी सवयीनं विचारलं, किती आला?
दोनशे नव्वद, म्हणाले. उपाशीपोटी.
मी मनातल्या मनात स्लिप फाडली.

त्यांनी कागदावर एक आडवी रेघ मारली
आणि रेघेखाली माझा सगळा जन्म लिहून काढला:
भाकरी, चपाती, भात, पोहे, साबुदाणा, केळं, काकवी.
रेघेच्या वर जागा रिकामी.
ही घरी विचारून भरा, म्हणाले,
आणि गोळी मनानं बंद करू नका.

आक्काताईनं कागद लांब धरून वाचला.
"आन मग खायाचं काय? कागुद?"

आमच्याकडं भाजीला कोरड्यास म्हणतात.
भाकरीला लावून खायचं ते.
आता भाकरीच नाही, तर कोरड्यास लावायचं कशाला?
पंधरा दिवस माझा हात ताटात जाऊन
तुकडा मोडल्यासारखा करायचा
आणि बोटं एकमेकांना लागायची.
चिडायचो. मीठ जास्त म्हणायचो, कमी म्हणायचो.
एकदा तर ताट सरकवलं. ती काही बोलली नाही,
ताकाचा तांब्या ठेवून भांडी घासायला गेली.

मग थंडी पडली
आणि भिलवडीच्या बाजारातनं तिनं वांगी आणली,
कृष्णाकाठची, देठाला काटे असलेली.
चुलीत भाजली, साल काळी राख होईपर्यंत.
कच्चा कांदा, हिरवी मिरची, शेंगदाण्याचं कूट, वरनं कच्चं तेल.
वाडगा पुढ्यात ठेवला. वाडग्यात चमचा.
"खावा. लॅबमधलं सायेब न्हवं का तुमी."

चमच्यानं भरीत खाताना पहिल्यांदा कळलं
वांग्याला स्वतःची चव असते,
धुराची, थोडी कडसर, मळीच्या रानाची.
साठ वर्षं मी तिला भाकरीआड ठेवलं होतं,
सुनेनं सासऱ्यासमोर उभं राहावं तसं.

त्यानंतर रेघेच्या वरची जागा भरत गेली.
तिच्याच अक्षरात, पेन्सिलीनं:
अंडी दोन. घोळ. पाथरी कच्ची, मिठाला लावून.
कारळाची चटणी. अंबाडी, पण कण्या न घालता.
आयतवारी मटण, रस्सा वाटीनं प्यावा.
शेंगदाणे मूठभर, मूठ माझी. ह्यांची नव्हे.

बेंदराला मात्र हरलो.
पुरण शिजताना वेलदोड्याचा वास सोप्यापर्यंत आला.
चतकोर पोळी खाल्ली, तूप दुप्पट.
वहीत लिहिलं तसंच. सकाळी एकशे अडुसष्ट.
खोटा ब्रिक्स मी आयुष्यात लिहिला नाही.

दिवाळीत सभासदांची साखर सुटली.
कार्ड घेऊन रांगेत उभा राहिलो.
खिडकीतला पोरगा म्हणाला, तात्या, तुमची यंदा सोडू का दुसऱ्याला?
म्हटलं, हक्काची हाय. दे.
पोतं स्कूटरवर पायांत धरून आणलं.
माळ्याखाली उभं आहे अजून, पाव्हण्यासारखं.
मुंग्यांना पत्ता लागला.
आक्काताईनं भोवती हळदीची रेघ ओढली.
सांगली जिल्ह्यात हळदीला काय तोटा.

रात्री कारखान्याचा भोंगा होतो,
मळीचा गोडसर आंबूस वास गावावर पसरतो.
तो वास फुकट आहे,
रेघेच्या वरही नाही, खालीही नाही.

आज सकाळी एकशे चार.
स्लिप लिहायची वेळ आली तर काय लिहू?
अजून हिरवा आहे. पुढच्या पाळीला बघावं.
आतनं ती विचारते, "वाढू का?"
वाढ, म्हणतो.
भरीत कालचं आहे.
चालतंय.